अनोमाची पाचवी पायरी

त्या रविवारी संघमित्रा गजभियेच्या डोक्यात जी आग पेटली ती काही एका दुपारची नव्हती. लाकडं कित्येक वर्षांपासून रचलेली होती, रजतने काडी तेवढी लावली. पुढे लोक म्हणाले, एवढ्याशा खेळापायी पोरगी केवढी भडकली! म्हणोत बापडे. ज्यांनी जन्मात कधी दुसऱ्यासाठी पुढे उभं राहून मार खाल्ला नाही, त्यांचं म्हणायला काय जातंय?

खेळ आधी समजून घ्यायला हवा, नाहीतर राग समजायचा नाही. बालाघाटात काली पुतली चौकाच्या मागे रजतच्या वडिलांचं टाइल्सचं दुकान आहे. दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी कूलर लावून रजत, संघमित्रा आणि त्यांची मित्रमंडळी टेबलाभोवती बसायची. मधे चार्ट पेपरवर आखलेला नकाशा, त्यावर बोटाएवढ्या बाहुल्या, आणि चार तोंडांपासून वीस तोंडांपर्यंतचे फासे. रजत हा मास्टर. म्हणजे जग त्याचं, राक्षस त्याचे, नियमांचं इंग्रजी पुस्तक त्याचं आणि शेवटचा शब्दही त्याचाच. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते जगवायचं. अंजूची जादूगारीण, खुशीची चोरटी. पात्र ज्या प्रकारचं, तो त्याचा क्लास, आणि लढता लढता पात्र त्या क्लासची एकेक पायरी चढत जातं.

संघमित्राने मंक घेतला होता. रजत मंक म्हणायचा, ती भिक्खुणी म्हणायची. हातात तलवार नाही, अंगात चिलखत नाही, नुसत्या मुठींनी लढायचं. नाव ठेवलं अनोमा. रजतच्या पुस्तकातले मंक बर्फाच्या डोंगरावर राहायचे. संघमित्राने अनोमाचा विहार एका नदीकाठी आणून बसवला. ती नदी वैनगंगाच होती हे बघणाऱ्याला कळलं असतं. रजतने तो नकाशावर काढूही दिला, तेव्हा त्याचं मन मोठं होतं.

आता हिने भिक्खुणीच का घेतली, तर त्याला कारण होतं आणि ते कारण घरात बसलेलं होतं. तिचे वडील हिरालाल वेल्डिंगचं काम करतात आणि वॉर्डातल्या बुद्धविहाराच्या समितीचे सचिव आहेत. दर उन्हाळ्यात विहारात श्रामणेर शिबिर भरतं. माणसं डोकं भादरतात, चीवर नेसतात, दहा दिवस भिक्खूसारखी राहतात आणि मग चीवर परत देऊन आपापल्या कामाला लागतात. पुढल्या उन्हाळ्यात वाटलं तर पुन्हा बसतात. हिरालाल स्वतः कितीदा तरी बसले. बाबा रे, तू मधल्या काळात वेल्डिंग केलंस, आता तुला चीवर नाही, असं त्यांना कोणी कधी म्हणालं नाही. शाळेत असताना संघमित्राने विचारलं होतं, मी बसू का. हिरालाल म्हणाले, पोरींची सोय नाही, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले, आणि वर हेही जोडलं की तू बसली तर पंगतीले वाढणार कोण? झालं, ती वाढत राहिली. वरणाची बादली घेऊन भादरलेल्या डोक्यांच्या रांगेतून वाकत वाकत फिरायची. पुढे तिने विचारणं सोडलं. सोडलं म्हणजे विसरली असं मात्र नाही.

रजतच्या टेबलावर तिला सोय नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठवडाभर लोकांचं रक्त काढून ती रविवारी इथे यायची आणि अनोमा व्हायची. वर्ष-दीड वर्ष बरं चाललं. अनोमा चौथ्या पायरीवर पोचली. पाचव्या पायरीवर भिक्खुणीला खरं बळ मिळतं. तिच्या मुठीचा फासा चार तोंडांचा असतो तो सहा तोंडांचा होतो, आणि एका डावात एक वार करता यायचा तिथे दोन येतात. ती पायरी अगदी हाताशी आली होती, आणि तेवढ्यात महेंद्रला नागपूरला नोकरी लागली.

हा महेंद्र जवळच्या किरनापूरचा. त्याचे आणि संघमित्राचे वडील एकाच समाजातले, जुन्या ओळखीचे. खेळात तो लढवय्या होता. चिलखत घालून, ढाल धरून सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा आणि वार झेलायचा. तो गेला आणि पुढची जागा मोकळी पडली. अंजूची जादूगारीण आणि खुशीची चोरटी, दोघींचं अंग काकडीचं. दोन तडाखे बसले की आडव्या. तेव्हा रजतने संघमित्राला गळ घातली होती. मल्टीक्लास कर म्हणाला, म्हणजे एका पात्रात दोन क्लास. काही पायऱ्या लढवय्याच्या घे, चिलखत चढव, महेंद्र परत आला की पुन्हा तुझ्या मुठींकडे जा, पाचवी पायरी कुठे पळून जाते का. अंजू-खुशीनेही हात जोडले. ती हो म्हणाली. बायकांना लहानपणापासून हो म्हणायची सवय लावलेली असते, तीच नडते.

मल्टीक्लासचा नियम भारी कंजूष आहे. मुठीचा फासा वाढतो तो फक्त भिक्खूच्या पायऱ्या मोजून, लढवय्याच्या पायऱ्या त्यात धरत नाहीत. लढवय्यालाही दुसरा वार मिळतो तो लढवय्याच्याच पाचव्या पायरीवर. चार इकडच्या आणि चार तिकडच्या मिळून आठ होतात हो, पण दुसरा वार ना इकडून मिळतो ना तिकडून. शिवाय अंगात चिलखत असेल तोवर मुठींची सगळी कला बंद. म्हणजे आठ पायऱ्या चढूनही अनोमाच्या वाट्याला एका डावात एकच वार, तोही तलवारीचा. पुढे उभं राहून मार खायचा आणि मारायचं मात्र नवशिक्यासारखं. संघमित्रा यावर कधी चिडली नाही. पुस्तकात लिहिलं आहे, तिने स्वतः वाचलं आहे, मग तक्रार कसली? लिहिलेल्या नियमाशी तिचं भांडण नव्हतंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर रजतने सगळ्यांना सांगितलं की हिला नियमच पाळायचे नसतात. खोटारडा.

तर त्या रविवारी पात्रं नवव्या पायरीवर जाणार होती, आणि महेंद्र परत येणार होता. त्याची बदली बालाघाटला झाली होती. संघमित्रा सकाळपासून खुशीत होती. अनोमाच्या बाहुलीच्या हातात जी ढाल होती ती महेंद्रचीच, सोड्याच्या बाटलीचं बूच चपटं करून त्याने कधीकाळी बनवलेली. ते बूच तिने बाहुलीच्या हातातून सोडवून रुमालात बांधून आणलं होतं, त्याला परत द्यायला.

महेंद्र आला, जय भीम झालं, चहा-समोसे झाले. मग त्याने खिशातून नवी बाहुली काढून नकाशावर ठेवली. भादरलेलं डोकं, अंगावर पिवळं चीवर रंगवलेलं, दोन्ही मुठी आवळलेल्या. लढवय्याचा कंटाळा आला म्हणाला, आता मंक खेळणार. नव्या पात्राला टेबलावरच्या इतरांएवढ्याच पायऱ्या मिळतात, त्यामुळे याच्या नऊच्या नऊ भिक्खूच्या. डावाला दोन वार आणि सहा तोंडांचा फासा, सगळं आयतं. रजतने त्याला राहायला जागाही दिली ती अनोमाच्या नदीकाठच्या विहारात.

संघमित्रा म्हणाली, ठीक आहे, दोन भिक्खू होतील, विहार मोठा आहे. आणि तिने आपल्या कागदावर भिक्खूच्या चाराचे पाच करायला पेन्सिल उचलली.

रजत म्हणाला, थांब. तसं करता येणार नाही. मंकने एकदा दुसरा क्लास घेतला की परत मंकची पायरी चढता येत नाही. विहाराचं दार त्याला कायमचं बंद. तू लढवय्याचीच पायरी घे, पाचवी, तिथेही दुसरा वार मिळतोच की.

संघमित्राला आधी वाटलं हा गंमत करतोय. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो नियम तिला माहीत होता. जुन्या, कधीच्या काळच्या पुस्तकात तो होता, नव्या पुस्तकातून काढून टाकला होता, आणि काय अडाणी नियम होता म्हणून याच टेबलावर खुद्द रजतच हसला होता. तिने त्याला त्याचीही आठवण करून दिली. महेंद्र आला की परत जा, असं तूच म्हणाला होतास, तेही सांगितलं. रजतने खांदे उडवले. पुस्तक काही म्हणू दे, मेरे टेबल पे तो यही रूल है, म्हणाला.

"काहून?" संघमित्राने विचारलं. "कारण सांग ना. नियम कोणाचा हाय ते नाही विचारलं मी."

रजतने फासे उचलून खुळखुळवले. शेवटी अंजूच बोलली, आणि ती बिचारी खरं तेच बोलली. "अगं, तूही मंक झाली तर समोर कोण उभं राहील? तू समोर असते म्हणून तर आमचं जमते."

हे ऐकलं आणि संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू बसली तर वाढणार कोण! तेच वाक्य, शब्द तेवढे वेगळे. गरज होती तेव्हा गळ घातली, पायऱ्या मोडायला लावल्या, आणि गरज भागली तेव्हा हिच्यासाठीच दार बंद करणारा नियम कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उकरून काढला. आणि कोणासाठी? जो आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आला होता त्याच्यासाठी. इतकी वर्षं तिच्या तोंडातून वाकडा शब्द न ऐकलेल्या त्या पोरांना वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. ती महेंद्रकडे वळली.

महेंद्र मान खाली घालून समोशाचा चुरा बोटाने गोळा करत होता. गेल्या दोन उन्हाळ्यांत तो सुट्टी काढून शिबिराला आला होता. दोन्ही वेळा डोकं भादरून हिरालालच्या शेजारी पंगतीत बसला होता आणि दोन्ही वेळा संघमित्राने वाकून त्याच्या भिक्षापात्रात वरण वाढलं होतं. मधल्या काळात हा पठ्ठ्या नागपुरात बुलेट फिरवत होता, हॉटेलात जेवत होता.

"तू चीवर उतरवलं का नाही?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण कूलरच्या घरघरीवरून खोलीभर ऐकू गेला. "उतरवलं. नोकरीवर गेलता. पुन्हा आला, पुन्हा नेसलं. तुले दारावर कोणी अडवलं होतं का? कोणी म्हणलं का, एकदा गेला तो गेला? तू सांग रजतले. याले नाही माहीत, तुले तर माहीत हाय."

महेंद्र काय म्हणाला असेल? त्याने आधी रजतकडे पाहिलं, मग आपल्या नव्या बाहुलीकडे, आणि पुटपुटला की टेबल रजतचं आहे, मी काय बोलू, गेम आहे, तू एवढं मनाला का लावून घेते. ज्याच्या बाजूने नियम असतो त्याला तो खेळच वाटतो.

यावर संघमित्रा बसली, पेन्सिल खाली ठेवली, आणि तिच्या पाळीची वाट पाहू लागली. सगळ्यांना वाटलं मिटलं. रजतने घाईघाईने गोष्ट पुढे रेटली. किल्ल्याचं दार फुटलंय, राक्षसांची टोळी आत घुसतेय, पुढे अनोमा, मागे बाकीचे. बोल, अनोमा काय करते?

"अनोमा चिलखत उतरवते," संघमित्रा म्हणाली.

रजत म्हणाला, अगं भर लढाईत? चिलखत काढायला वेळ लागतो, तेवढ्यात तुला चार वार बसतील. ती म्हणाली, बसू दे. तू फासे टाक. त्याने टाकले. तीन लागले. अनोमाचं रक्त निम्म्यावर आलं. संघमित्राने आकडे कागदावर उतरवले आणि पुढच्या पाळीलाही तेच म्हणाली, अजून काढतेय. खुशी कळवळून म्हणाली, मित्रा, तू मरशील, आणि तुझ्यामागे आम्हीही. संघमित्राने तिच्याकडे पाहिलंही नाही. चिलखत निघालं तेव्हा अनोमात चार थेंब जीव उरला होता. पण अंगात चिलखत नाही आणि हातात ढाल नाही म्हटल्यावर मुठी मोकळ्या झाल्या, आणि चार पायऱ्यांची तर चार पायऱ्यांची, भिक्खूची विद्या परत आली. तेवढी तर रजतच्याही नियमाला काढून घेता येत नव्हती. दम खर्चला की भिक्खूला एका पाळीत जादा मुठी मारता येतात, तिने जवळ होता नव्हता तो सगळा लावला. पहिली मूठ हुकली. दुसरी लागली. तिसरी सणसणीत लागली आणि सगळ्यात पुढचा राक्षस पडला. चार तोंडांच्या फाशाने पडला, सहा तोंडांचा लागला नाही.

मग तिने रुमाल सोडला आणि बुचाची ती ढाल महेंद्रच्या बाहुलीसमोर ठेवली.

"धर. आता तू उभा राय समोर. तुह्यीच हाय," ती म्हणाली. अनोमाची बाहुली नकाशावरून उचलून तिने पर्समध्ये टाकली. रजत म्हणाला, असं मधेच उठता येत नाही, असा नियम आहे. त्यावर ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलली ते चांगलंच केलं.

खाली उन्हाचा रखरखाट होता. स्कूटीची सीट तव्यासारखी तापलेली, तरी ती तशीच बसली आणि घराकडे निघाली. वाटेत राग निवेल असं तिला वाटलं होतं. उलट प्रत्येक चौकात तो वाढतच गेला, कारण रस्ताभर तिला एकच गोष्ट दिसत होती. रजतवर ती चिडली ते ठीकच. पण रजत कोण? टाइल्सवाल्याचा पोरगा. त्याच्या खोट्या विहाराचं दार त्याने बंद केलं म्हणून ती एवढी पेटली, आणि खऱ्या विहाराचं दार ज्याने बंद केलं त्याच्या हातचा चहा ती रोज सकाळी मुकाट्याने पिते. स्वतःचाच तिला असा संताप आला की आंबेडकर चौकात लाल दिवा कधी हिरवा झाला ते कळलं नाही, मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न मारून मारून तिला हलवलं.

घरी हिरालाल ओट्यावर बसून शिबिराच्या पंगतीसाठी आणलेल्या स्टीलच्या बादल्यांचे निखळलेले कान बसवत होते. सीताबाई, तिची आई, शेजारी तांदूळ निवडत होती. शिबिर आठ-दहा दिवसांवर आलेलं. लेक दिसल्याबरोबर हिरालाल आनंदाने म्हणाले, बरं झालं आली, ही वरणाची बादली पाहून घे, हलकी वाटते का, तुलेच धरायची हाय. आणि हो, यंदाही महेंद्र बसून राह्यला म्हणते.

संघमित्राने बादली हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"यंदा मी वाढणार नाही, बाबा. मी बसणार."

हिरालालनी हातोडी थांबवली. मग त्यांनी ते सगळं सांगितलं जे ते दरवर्षी सांगत आले होते. सोय नाही. निजायची जागा एकच हॉल. लोक काय म्हणतील. आणि लॅबमधून सुट्टी कोण देईल. पुढच्या वर्षी आपण नीट ठरवून... इथे ती मधेच बोलली. दहा वर्षं पुढचं वर्ष ऐकते आहे, म्हणाली, मी शाळेत होते तेव्हापासून. निजायला मी रात्री घरी येईन, घर विहारापासून हाकेच्या अंतरावर आहे. सुट्टी माझी मी पाहीन. लोक काय म्हणतील ते लोकांना म्हणू दे. तुमची अडचण काय आहे ते सांगा.

"आणि वाढायले?" हिरालाल म्हणाले. तोंडातून निघून गेलं बिचाऱ्यांच्या. निघाल्यावर त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्यांनी नजर वळवली.

सीताबाईने तांदळातला खडा काढून अंगणात भिरकावला.  "बाप्ये वाढतीन," ती म्हणाली. "त्यायचे का हात गळून पडले?"

हिरालाल बायकोकडे पाहत राहिले, मग लेकीकडे. डोकं भादरावं लागते, ते हळूच म्हणाले. हौ, ती म्हणाली. केस परत येतात. मग ते म्हणाले, मी एकटा काय ठरवणार, शिबिर घेणाऱ्या भन्तेजीले विचारावं लागन. हे बोलताना त्यांना वाटलं असेल की सुटलो. पण ती पोरगी त्या दिवशी चार थेंब जिवावर उभी राहून आलेली होती. तिने खाटेवरचा त्यांचा फोन उचलला, नंबर काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"विचारा. आत्ता."

हिरालालनी फोन घेतला. हाताला वंगण लागलेलं होतं ते त्यांनी आधी लुंगीला पुसलं. रिंग गेली. सीताबाईचा हात तांदळात तसाच थांबला. पलीकडून भन्तेजींचा आवाज आला तेव्हा हिरालाल सवयीने उठून उभे राहिले.

"वंदामि भन्तेजी. हौ, तयारी चालू हाय. एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "आपल्या वॉर्डातली एक मुलगी हाय, ते म्हणते का..."

"माही पोरगी म्हणा," संघमित्रा म्हणाली.

 पलीकडून भन्तेजी दोनदा हॅलो म्हणाले.

"माही पोरगी, भन्तेजी," हिरालाल म्हणाले. "संघमित्रा. तिले बसायचं हाय."